दोन बोटं खाली

"तू पड की बाई, बिनघोर पड. जिथं पडशील तिथं मी जमीन घेऊन येतो."

हा आवाज मी सव्वीस वर्षांपूर्वी ऐकला, चाकूरजवळच्या एका मळ्यात. हळदीचा मांडव होता आणि बँडमध्ये गायची माझी पहिलीच वेळ होती. भीतीच्या भरात मी गाणं भलत्याच उंच सुरात धरलं. पहिली ओळ कशीबशी निघाली, दुसरीला गळा आवळला. पाटाभोवतीच्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "पोरीला माळवदावर चढवलं आन् शिडी काढून घेतली की रं!"

तेवढ्यात माझ्या उजव्या खांद्यामागून क्लॅरिनेटचा एक लांब सूर आला. त्या सुराचं बोट धरून मी कधी खाली उतरले ते मलाही कळलं नाही, बायकांनाही नाही. गाणं संपलं तेव्हा हसणं थांबलं होतं आणि नवरीची आई डोळे पुसत होती.

नंतर मी टेम्पोच्या आडोशाला रडत उभी होते. क्लॅरिनेटवाला फडक्यानं वाद्याचं तोंड पुसत आला आणि ते जमिनीचं बोलला. त्याचं नाव मल्लिकार्जुन. मी त्याला अण्णा म्हणायला लागले ते त्या दिवसापासून.

मी रुद्राणी. चाकूरच्या संगमेश्वर बँडची गायिका. बँड उभा केला शंकरप्पा मास्तरांनी; ते गेल्यावर त्यांचा मुलगा अमरेश चालवतो. लातूर, उदगीर, लोहा, बिलोली, नांदेड, जिथली सुपारी येईल तिथं आम्ही जातो. लाल कोट घातलेले नऊ पुरुष आणि जरीकाठाची साडी नेसलेली मी.

आमचं खरं काम असतं परण्यात. नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या पाया पडायला निघतो, त्याच्यापुढं पोरं नाचतात, आणि वेशीतल्या मारुतीपर्यंत बँडनं थांबायचं नसतं. एक गाणं संपून दुसरं लागतं, मधेच कुणीतरी तिसरंच मागतं. काय वाजवायचं हे काही लिहून ठेवलेलं नसतं. जे सुचेल त्यानं मधली जागा भरायची, पण नाचणाऱ्याचा पाय हवेत असताना वाजवणाऱ्यानं दम तोडायचा नाही, ही मास्तरांची ताकीद.

आणि प्रत्येक गाण्याची पट्टी वेगळी. पेटीवरच्या ज्या काळ्या किंवा पांढऱ्या पट्टीवर सा धरला, ती त्या गाण्याची पट्टी. एका पट्टीवरून दुसरीवर जायचं, तेही चालता चालता, ढोल तसाच ठेवून. आता अमरेशच्या कॅसिओवर त्यासाठी बटण आहे. दाबलं की सगळं एकदम वर नाहीतर खाली. पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरीच नसावी, तसं होतं.

अण्णाची तऱ्हा निराळी होती. दोन्ही पट्ट्यांत नांदणारा एखादा सूर तो शोधायचा आणि त्यावर उभा राहायचा. मला त्यानं एकदा दाखवलं होतं. काळी पाचचा पंचम घे. धरून ठेव. आता मनातल्या मनात सा दोन घरं खाली ने, मधली पांढरी ओलांडून काळी चारला. तोच सूर आता पंचम राहिला नाही, धैवत झाला. फुंक तीच, बोटं तीच. "लेक लग्न होऊन सासरच्या उंबऱ्यावर उभी ऱ्हाती तसं हाय बघ," तो म्हणाला. "पोरगी तीच. घर बदललं, म्हणून नातं बदललं."

तो सूर धरताना अण्णा क्लॅरिनेटचं तोंड जरासं जमिनीकडं झुकवायचा आणि मोकळ्या हाताची दोन बोटं खाली करायचा. म्हणजे दोन घरं खाली. त्या लांब सुराच्या आडून सगळा बँड नव्या पट्टीत शिरायचा. नाचणाऱ्याला कळायचं नाही. त्याला फक्त वाटायचं की ऊन जरा उतरलं.

*

साडेतीन वर्षांपूर्वी माझ्या गळ्यात गाठ आली. लातूरला ऑपरेशन झालं, चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, आवाज थोडा जाड होईल, घाई करू नका. मी सहा महिने थांबले. त्याहून जास्त थांबणं जमणारं नव्हतं. आमच्या मालकांचं, म्हणजे नवऱ्याचं, दालमिलमधलं काम बारमाही नाही, आणि लेकीला, अंजूला, नुकताच नांदेडला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता.

पहिली सुपारी बिलोलीची. आमच्या बँडचं एक स्वतःचं गाणं आहे, मास्तरांनी रचलेलं. लोक मोबाइलवर त्याचा जुना व्हिडिओ दाखवून मागतात:

तुरीची शेंग गं वाऱ्यानं वाजली,
लेक माझी उंबऱ्यात बोलता लाजली.

पहिल्यांदा 'वाजली' खालीच असतं. दुसऱ्यांदा ते थेट वरच्या सा ला जातं. काळी पाचचा वरचा सा. बावीस वर्षं मी तिथं पाखरू फांदीवर बसावं तशी जाऊन बसत होते. त्या दिवशी फांदीच नव्हती. 'वाऱ्यानं' म्हटलं आणि मला आतूनच कळलं की पुढं वाट बंद आहे.

आणि खांद्यामागून तो लांब सूर आला.

मी काही बोलले नव्हते. वळून बघितलंही नव्हतं. माझ्या श्वासावरून त्यानं ओळखलं असणार. ओळ वर जायच्या आधी त्यानं मधेच एक वळण घातलं, पंचमावर रेंगाळला, बोटं खाली केली, अमरेशनं घाईघाईत बटण दाबलं, आणि मी 'वाजली' म्हटलं ते काळी चारमध्ये. जमीन आली होती.

परतताना टेम्पोत अमरेशनं विचारलं, "काका, मधीच पट्टी का उतरवली? व्हिडिओत तर न्हाई तसं."

मला वाटलं, आता अण्णा सांगणार, बाईचा गळा गेला म्हणून.

अण्णा म्हणाला, "फुडचा दात हलून राहिलाय माझा. वरच्या सुराला तोंडात क्लारनेट दाबता येत न्हाई."

"दात?" ट्रंपेटवाला सत्यम हसला. "आम्ही काळी चारमध्ये ओठ सोलून घेतला, आन् कारण काय, तर काकाचा दात!"

ते खरंच होतं. ट्रंपेटला काळी पाच सोपी, काळी चार अवघड. सगळे हसले. अण्णाही हसला. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. तेव्हाच बोलायला हवं होतं. शब्द ओठापर्यंत आले होते. पण बोलले असते तर पुढच्या सुपारीला गायिका दुसरी असती, हे मला त्या टेम्पोतल्या सगळ्यांइतकंच ठाऊक होतं. मी गप्प बसले.

आणि एकदा गप्प बसलं की दुसऱ्यांदा बसणं सोपं जातं.

तीन वर्षं हेच चाललं. गाणं काळी पाचमध्ये धरायचं, कारण लोकांना पहिला सूर व्हिडिओतल्यासारखाच पाहिजे. आणि 'वाऱ्यानं'च्या जागी अण्णानं वळण घालायचं. दर वेळी निराळं. कधी बासरीसारखं हलकं, कधी शेताच्या बांधावरून कुणी हाक मारावी तसं. उदगीरच्या एका लग्नात बायकांनी ते 'उतरतं गाणं' म्हणून पुन्हा गायला लावलं. मला वाटतं, माझ्या चांगल्या दिवसांतही मी ते गाणं इतकं चांगलं गायले नव्हते. उंच जाताना मी एकटी असायचे. उतरताना आम्ही दोघं असायचो.

सत्यमनं अण्णाचं नाव 'दातकाका' ठेवलं. पंगतीला बसलं की म्हणायचा, "दातकाकाला पुरी नका वाढू, वरणभात वाढा." अण्णा मुकाट्यानं वरणभात खायचा. आणि एकदा माघातल्या दुपारी, चाकूरच्या रस्त्यावर टेम्पो थांबला असताना, मी त्याला रसवंतीमागं बघितलं. पुढच्या दातांनी ऊस सोलत होता. करकर आवाज येत होता. माझी नजर पडली तसा पाठ करून उभा राहिला, चोरून बिडी ओढणाऱ्या पोरासारखा.

मी पदरात तोंड लपवून हसले. हसता हसता रडले. पण विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. आमच्या दोघांत ते तसंच राहिलं.

*

यंदा लोह्याची मोठी सुपारी आली, फाल्गुनातली. त्याच्या पंधरा दिवस आधी अमरेशनं, भल्या मनानं, अण्णाला मोटारसायकलवर बसवून लातूरला दातांच्या डॉक्टरकडं नेलं. दुसऱ्या दिवशी तालमीला सगळे पत्र्याच्या शेडमध्ये जमलो तेव्हा अमरेशचा चेहरा उतरला होता.

"काका, डॉक्टर म्हणला, दात दगडासारखा हाय. तुमचा हा दात माझ्या दवाखान्यापेक्षा जास्त टिकंल म्हणला."

"असंल," अण्णा म्हणाला.

"मग पट्टी का उतरवता?"

अण्णा क्लॅरिनेटचे सांधे पुसत राहिला. अमरेशनं आवाज खाली केला, पण शेड लहान आहे. "राग मानू नका काका. तुम्हाला कळून तरी राहिलंय का, पट्टी उतरती ते? का कानच दगा देऊन राहिलाय?"

सत्यम हसला नाही. कुणीच हसलं नाही. दात गेला तर माणूस म्हातारा होतो; वाजवणाऱ्याचा कान गेला तर तो वाजवणारा राहत नाही. रस्त्यानं जाणाऱ्या ट्रकच्या हॉर्नची पट्टी सांगणारा माणूस होता अण्णा.

त्यानं एकदाही माझ्याकडं बघितलं नाही. फडक्याची घडी केली. म्हणाला, "हाव. कान बी जात असंल. वय झालं की."

"मग असं करू," अमरेश म्हणाला. "लोह्याला तुम्ही मागच्या रांगेत ऱ्हा. फुडचं मी कॅसिओवर सांभाळतो. काळी पाच म्हणजे काळी पाच, मधी वळणं न्हाईत. आन् त्याच्यानंतर घरी आराम करा. नांदेडचा एक क्लारनेटवाला बघून ठेवलाय."

"बरं बाबा," अण्णा म्हणाला.

त्या संध्याकाळी मी अण्णाच्या घरी गेले, बोलायचंच म्हणून. त्याची बायको केवळाबाई अंगणात तूर पाखडत होती. "ये गं. कसलं खूळ शिरलंय ह्यांच्या डोक्यात, देव जाणे. तीन वर्षं झाली, आरशाफुडं बसून दात हलवून बघतेत. हलत न्हाई म्हणून खंतावतेत! कुणाचा दात हलावा म्हणून कुणी नवस करतंय का?"

अण्णा आतून आला. माझा चेहरा बघितला आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "अंजूची शेवटची परीक्षा कधी हाय?"

"मे महिन्यात."

"झालं तर मग. आता किती दिवस ऱ्हायले?" आणि केवळाबाईकडं वळून, "हिला चहा टाक, गूळ घालून. गळ्याला बरा असतो."

मी चहा प्यायले आणि परत आले.

*

लोह्याला अकराचं ऊन. परण्या निघाला तेव्हा नवरदेवाच्या घोड्यापुढं पन्नासेक पोरं नाचत होती. पुढं कॅसिओची गाडी, तिच्यावर अमरेश. गाडीला लागून मी. मग सत्यम आणि बाकीचे. सगळ्यात मागं अण्णा. वाजवण्याआधी त्यानं रोजच्यासारखा शर्टाच्या आत गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला. तेवढं मी बघितलं.

दोन-तीन गाणी झाली. पट्टी बदलली की बटण वाजत होतं. पोरांचे पाय अडखळत होते, पुन्हा सावरत होते. मग नवरदेवाचा मामा मोबाइल नाचवत आला. "मौशी, तुरीची शेंग होऊ द्या!"

अमरेशनं काळी पाच धरली. मी पहिली ओळ घेतली. दुसरी घेतली. पुन्हा 'तुरीची शेंग गं' म्हटलं. समोर ऊन, धूळ, पोरांचे वर गेलेले हात. 'वाऱ्यानं' म्हटलं, आणि तीच बंद वाट समोर आली.

मनात आलं, आज अण्णाला मनाई आहे. आज पडले तर पडले. चांगलंच झालं. निदान खरं काय ते दिसेल.

आणि मागून, सगळ्यात मागून, तो लांब सूर आला.

तो काळी पाचचा पंचम होता. मी डोळे मिटून ओळखला असता. ढोल-ताशाच्या वरून, सत्यमच्या डोक्यावरून, एखादी पणती हातानं आडोसा करत कुणी गर्दीतून आणावी तसा तो सूर अण्णानं माझ्यापर्यंत आणला. आपल्या शेवटच्या सुपारीला, सगळ्या बँडसमोर, कान गेल्याचा पुरावा स्वतःच्या हातानं देत.

अमरेशनं मान वळवून मागं बघितलं. रागानं. बटणाला हात लावला नाही. कॅसिओ काळी पाचवरच राहिला, आणि अण्णाचा सूर धैवत व्हायची वाट बघत तसाच ताटकळत राहिला. किती वेळ? दोन पावलं, तीन पावलं. त्याचा दम मला माझ्या छातीत जाणवायला लागला.

मी त्या सुरावर जाऊन बसले. 'वाऱ्यानं' तोच शब्द पुन्हा घेतला, त्याच सुरात, अण्णाच्या सुराला खांदा लावून. मग पुन्हा, थोडा लांबवून. वाऱ्यानं... गं वाऱ्यानं... कुणी शिकवलं नव्हतं, ठरवलं नव्हतं. सव्वीस वर्षं कानात साठलेलं आपोआप गळ्यात आलं. गाता गाता मी गाडीकडं वळले, अमरेशच्या डोळ्यांत बघितलं, आणि मोकळा हात वर करून दोन बोटं खाली केली.

ती खूण माझ्या हातून कधीच झाली नव्हती. अमरेश बघतच राहिला. मग त्याचं बोट हललं. एकदा, दोनदा. सत्यमनं ओठ दाबले. आणि आमच्या त्या एका सुराच्या आडून बँड काळी चारमध्ये उतरला, आणि मी 'वाजली' म्हटलं. वर. पूर्ण. मोकळं. एकाही पोराचा पाय थांबला नाही.

*

मारुतीच्या देवळाशी नवरदेव आत गेला तसा बँड थांबला. यजमानांनी लिंबाचं सरबत फिरवलं. आम्ही पाराच्या सावलीत बसलो. अण्णा कडेला, एकटाच, वाद्यातली ओल झटकत.

अमरेश गाडीवरून उतरून त्याच्यापुढं उभा राहिला. आवाज चढवला नाही त्यानं, वाईट वाटल्यासारखं बोलला. "काका, सांगितलं होतं ना तुम्हाला? आज मौशी होती म्हणून इज्जत ऱ्हायली. तुमचं चुकलेलं तिनं सावरून घेतलं."

"हाव," सत्यम म्हणाला. "मानलं मौशी तुम्हाला."

ढोलवाल्यानंही मान हलवली. सगळे माझ्याकडं कौतुकानं बघत होते. मी गप्प राहिले असते तर ते कौतुकही माझंच झालं असतं.

अण्णा म्हणाला, "खरं हाय. तिनंच सावरलं."

मी सरबताचा पेला खाली ठेवला.

"अमरेश," मी म्हटलं, "बस खाली. सत्यम, तू बी."

"परण्या निघंल मौशी आता."

"निघू दे. आधी ऐक." अण्णानं मान वर केली आणि डोळ्यांनीच नको म्हणाला. मी त्याच्याकडं बघतच बोलले. "ह्यांचा दात कधीच हलत नव्हता. कान तर तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या कानांहून शाबूत हाय. गळा माझा गेलाय. गाठ काढली तेव्हापासून काळी पाचचा वरचा सा माझ्याकडं न्हाई. बिलोलीला मी पडले, तेव्हा ह्यांनी जमीन आणली, आन् तुम्ही विचारलं तेव्हा स्वतःच्या दाताचं नाव सांगितलं. तीन वर्षं तुम्ही दातकाका म्हणलात. मी ऐकलं. त्या दिवशी कान गेला म्हणलात, तेबी मी बसून ऐकलं. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, अण्णा. तुमच्याइतकंच ठाऊक होतं. आज बी मी काही सावरलं न्हाई. तुम्ही सूर धरून उभे होतात, मी नुसती त्याच्यावर येऊन बसले. जशी सव्वीस वर्षं बसत आले."